टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस चालेल का?

ह्यूस्टनच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "इटलीत बनलेली १८५८ च्या रेमिंग्टनची नक्कल मी घेतली आहे. .४४ ची, दारू-गोळी-टोपीवाली. बाजारात तिच्यासाठी .४५ कोल्ट काडतुसाचा वेगळा सिलिंडर मिळतो. तो बसवला की साधी आधुनिक काडतुसं चालतील ना? आणि .४४ च्या नळीतून .४५ ची गोळी जाणार कशी? शिवाय साताऱ्याला आमच्या काकांकडे पणजोबांच्या काळातलं असंच एक रिव्हॉल्व्हर आहे, त्याचंही असं काही करता येईल का?"

पहिल्याचं उत्तर 'हो' आहे, पण 'साधी आधुनिक काडतुसं' हे शब्द आधी डोक्यातून काढा. दुसऱ्याचं उत्तर असं, की तुमचं .४४ कधी .४४ नव्हतंच. तिसऱ्याचं उत्तर 'नाही'. काकांना आजच फोन करून सांगा, की त्या वस्तूला कानससुद्धा लावू नका. का, ते शेवटी सांगतो.

मी पुण्यात टूलरूममध्ये काम शिकलो आणि गेली बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात एका परवानाधारक गनस्मिथच्या दुकानात जुन्या हत्यारांच्या टेबलावर बसतो. मूळ कोकणातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घराघरात असायची. रानडुकरं आणि माकडं हाकलायला ती, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची तीच. त्यामुळे दारू ओतणे, गोळी ठासणे, निपलवर, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या बोंडावर, टोपी बसवणे हे मला अमेरिकेत येऊन शिकावं लागलं नाही. तुमचं रेमिंग्टन म्हणजे तीच ठासणीची बंदूक, फक्त सहा घरांची आणि फिरती. प्रत्येक घरात पुढून दारू, वर शिशाची गोळी, नळीखालच्या दांडीने ठासायची, मागे निपलवर तांब्याची टोपी. टोपीत असतो तो स्फोटक मसाला. दिवाळीच्या टिकलीचं तत्त्व तेच. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते.

या रचनेत सिलिंडरची, म्हणजे त्या फिरत्या घरांच्या तुकड्याची, मागची भिंत बंद असते, फक्त निपलपुरतं बारीक भोक. काडतूस मात्र मागून भरायचं असतं, म्हणजे सिलिंडर आरपार पोकळ हवा. इतका साधा फरक! मग १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या कोल्टच्या कारखान्याने काडतुसाचं मोठं रिव्हॉल्व्हर १८७० च्या दशकापर्यंत का लांबवलं? लोक मला वाटेल ती कारणं सांगतात, पोलाद कच्चं होतं, काडतुसं महाग होती वगैरे. त्यात तथ्य आहेच, पण खरं कारण कोर्टकचेरीचं आहे.

रोलिन व्हाइट नावाचा एक कारागीर कोल्टच्याच कारखान्यात ठेक्यावर काम करत असे. त्याने ३ एप्रिल १८५५ रोजी एक पेटंट मिळवलं. त्यातला मूळ बंदुकीचा आराखडा इतका चमत्कारिक होता की तसं हत्यार कोणी चालवू धजलं नसतं. पण त्या कागदात एक वाक्य सोन्याचं होतं: मागपासून पुढपर्यंत आरपार भोक असलेला सिलिंडर. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांना छोटं काडतुसी रिव्हॉल्व्हर काढायचं होतं. त्यांच्या लक्षात आलं की या वाक्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८५६ मध्ये त्यांनी व्हाइटशी करार केला: प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट. आणि वर एक खुट्टी मारून ठेवली, की पेटंटची चोरी कोणी केली तर खटले लढायचा खर्च व्हाइटचा. १८५७ मध्ये त्यांचं पहिलं मॉडेल आलं, सात गोळ्यांचं, .२२ रिमफायर (म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेत मसाला). खेळण्याएवढं दिसायचं, पण अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपायांनी ते पदरच्या पैशाने घेतलं. व्हाइट मात्र पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला आणि २५-२५ सेंटांची कमाई वकिलांना देत राहिला.

युरोपात हे पेटंट आडवं येत नव्हतं. फ्रान्समध्ये लेफॉशेची पिनफायर (बाजूला खुट्टी असलेली) काडतुसं आधीच चालू होती आणि फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये तसं रिव्हॉल्व्हर स्वीकारलंही. अमेरिकेत मात्र सगळे मोठे कारखानदार पेटंट संपायच्या मुहूर्ताकडे, १८६९ च्या एप्रिलकडे, डोळे लावून बसले होते. व्हाइटने मुदतवाढीसाठी काँग्रेसकडून विधेयकही मंजूर करून घेतलं, पण अध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये त्यावर सही करायला नकार दिला. युद्धात या पेटंटमुळे सरकारची अडचण झाली, असं लष्कराच्या शस्त्रखात्याचं म्हणणं होतं, आणि ग्रँट स्वतः त्या युद्धाचे सेनापती.

तुमच्या बंदुकीचे पूर्वज या कोंडीतून जन्मले. युद्ध संपल्यावर टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचे ढीग पडून होते. एकट्या रेमिंग्टनचं न्यू मॉडेल आर्मी सव्वा लाखाच्या आसपास बनलं. (जाता जाता: 'मॉडेल १८५८' हे नाव नळीवर कोरलेल्या १४ सप्टेंबर १८५८ या पेटंटच्या तारखेवरून पडलं. तुमच्याकडे ज्याची नक्कल आहे ते मॉडेल प्रत्यक्षात १८६३ नंतरचं. दुकानात कोणी 'हे खरं १८५८ सालचं' म्हणत भाव चढवायला लागला तर हसून पुढे जा.) तर रेमिंग्टनने थांबण्याऐवजी स्मिथ अँड वेसनशी बोलणी केली आणि १८६८ पासून साधारण साडेचार हजार आर्मी रिव्हॉल्व्हरं .४६ रिमफायरवर आणून सिनसिनाटीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला पुरवली. त्यावर पेटंटचा पैसा रीतसर भरला. सहाऐवजी पाच घरांचा सिलिंडर, आणि त्याच्या मागे फ्रेमला जोडलेली एक तबकडी. तुमच्या हातात आज जो सिलिंडर येणार आहे त्याचं मूळ तिथे आहे.

कोल्टवाल्यांना पैसा भरायचा नव्हता. सॅम्युअल कोल्ट १८६२ मध्ये वारला होता, पण त्याचा हट्ट कारखान्यात शिल्लक होता. अलेक्झांडर थूअर या त्यांच्या माणसाने १८६८ मध्ये पळवाट काढली: निमुळतं काडतूस, जे सिलिंडरमध्ये पुढूनच भरायचं. आरपार भोक नाही, म्हणजे पेटंटचा भंग नाही! वकील खूश झाले असतील. वापरणाऱ्याला मात्र ठासणीचीच दांडी वापरून काडतूस दाबावं लागे, आणि रिकामं टरफल काढायला मागची कडी फिरवून घोडा आपटायचा, की ते पुढून उडून पडे. मी मूळ थूअर एकदाच हातात घेतलंय, एका संग्राहकाच्या घरी. काम घड्याळजीचं आहे. पण धावत्या घोड्यावर बसलेल्या माणसासाठी ते बनवलंय असं ज्याने ठरवलं, तो स्वतः घोड्यावर बसला नसावा.

पेटंट संपलं आणि मग बांध फुटला. चार्ल्स रिचर्ड्सने १८७१ मध्ये १८६० च्या आर्मी मॉडेलसाठी रीतसर बदल तयार केला. जुन्या सिलिंडरचा मागचा भाग छाटून तिथे एक कडं बसवलं, कड्यात फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी खुट्टी), उजव्या बाजूला काडतूस भरायची झडप आणि टरफल ढकलायची दांडी. लष्कराने आपली सुमारे १२०० जुनी रिव्हॉल्व्हरं कारखान्यात पाठवून अशी करून घेतली. पुढच्याच वर्षी विल्यम मेसनने ते आणखी सोपं केलं, पिन घोड्यावरच आणली. मग खास काडतुसासाठीच नव्याने बनवलेलं 'ओपन टॉप', वरून उघड्या फ्रेमचं, आणि १८७३ मध्ये तो सुप्रसिद्ध सिंगल ॲक्शन आर्मी, ज्याच्या फ्रेमला वरून पट्टी आहे. रेमिंग्टनला ती पट्टी पहिल्यापासून होती, कोल्टला लष्कराने सांगितल्यावर सुचली. म्हणजे बदललेल्या रिव्हॉल्व्हरांचं खरं राज्य जेमतेम पाच-सात वर्षांचं. इटलीत काढलेल्या वेस्टर्न सिनेमांत यादवी युद्धाच्या मध्यावर लोकांच्या पट्ट्याला पितळी काडतुसं चकचकताना दिसतात ती निव्वळ हौस.

इंग्रजांकडेही हेच चाललं होतं. त्यांनी ब्यूमाँट-ॲडम्स ही टोपीची रिव्हॉल्व्हरं १८६८ पासून .४५० काडतुसावर आणली. पायदळाच्या ठासणीच्या एनफील्ड रायफलींना त्याआधीच, १८६६ मध्ये, स्नायडरचं झाकण बसवून काडतुसी केलं होतं. त्या स्नायडरची पहिली मोहीम १८६७-६८ ची ॲबिसिनियाची, आणि ती फौज गेली मुंबईहून. रॉबर्ट नेपियर तेव्हा बॉम्बे आर्मीचे सरसेनापती होते. जुनं लोखंड फेकायचं नाही, त्याला नवं तोंड लावायचं, हा व्यवहार सगळीकडे सारखाच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत आवडला. आणि नव्वद टक्के लोक इथेच गोंधळतात.

जुन्या काळी नळीचं माप घ्यायची पद्धत वेगळी होती. नळीत आतून पीळ कोरलेला असतो: चर आणि चरांमधले उंचवटे. जुने लोक उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजत, म्हणून '.४४'. पण शिशाची गोळी पिळात घट्ट बसायची तर ती चरांच्या मापाची हवी. तुमच्या रेमिंग्टनच्या गोळ्यांच्या डबीवर बघा, ०.४५१ किंवा ०.४५४ इंच लिहिलेलं असेल. आणि .४५ कोल्टच्या आजच्या काडतुसातली गोळी किती? ०.४५२. जमलं? तुमची नळी पहिल्यापासून पंचेचाळिसाचीच होती, नाव चव्वेचाळिसाचं होतं. उलट आजच्या .४४ मॅग्नमची गोळी ०.४२९ ची, ती तुमच्या नळीत खुळखुळेल. तेव्हा बंदुकीवर .४४ लिहिलंय म्हणून .४४ चं काडतूस शोधायला जाऊ नका.

छोट्या भावाची गोष्ट याहून मजेशीर आहे. कोल्ट नेव्ही म्हणजे .३६, आणि त्याची गोळी ०.३७५ ची. तो काडतुसावर आणला तेव्हा सिलिंडर आरपार पोकळ केला, घराचं माप नळीएवढंच राहिलं. आता टरफल त्या घरात जायला हवं आणि गोळीही नळीच्या मापाची हवी. म्हणजे गोळी आणि टरफल बाहेरून एकाच जाडीचे! मग टरफलात गोळी बसणार कशी? त्यांनी गोळीची मागची टाच कापून बारीक केली आणि फक्त ती टाच टरफलात घातली. अशा टाचेच्या गोळीला वंगण बाहेरून लावावं लागे, ते खिशातल्या धुळीत माखे. पुढे गोळी पूर्ण टरफलाच्या आत घ्यायचं ठरलं, म्हणजे ती टरफलाच्या पोटाएवढी बारीक झाली: ०.३५७. नाव मात्र टरफलाच्या बाहेरच्या मापावरून .३८ च राहिलं. आजचं .३८ स्पेशल, ज्याची गोळी .३८ ची अजिबात नाही, हे त्या बदललेल्या नेव्हीचं शेपूट आहे. टाचेची गोळी आजही तुम्हाला रोज भेटते, .२२ च्या साध्या काडतुसात. हातात घेऊन बघा, गोळी आणि टरफल एका रेषेत दिसतील.

याचा व्यवहारात अर्थ असा: कोणी .३६ च्या नेव्हीला .३८ स्पेशलचा सिलिंडर घेतला, तर ०.३५७ ची गोळी ०.३७५ च्या नळीतून जाताना पीळ धरत नाही. पंधरा यार्डांवर कागदाला आडवी भोकं पडतात, कारण गोळी लोळत जाते. बुडाशी पोकळ असलेली मऊ शिशाची गोळी वापरली तर ती दाबाने फुगून थोडीफार पीळ पकडते. नाहीतर नळीत आतून अस्तर घालून घ्यावं लागतं, ते काम बंदुकीच्या किमतीच्या पुढे जातं. तुमच्या रेमिंग्टनला ही कटकट नाही. म्हणून बदलाच्या सिलिंडरसाठी मला कोणी 'कुठलं घेऊ' विचारलं तर मी डोळे मिटून .४४ चं रेमिंग्टन सांगतो.

आता दाब. इथे थांबून वाचा.

काळी दारू आणि बिनधुराची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पॉल व्हिएलने बिनधुराची दारू १८८४ मध्ये काढली. तुमच्या बंदुकीचा आराखडा त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीचा. नक्कल आजच्या पोलादाची असली तरी भिंतींची जाडी, फ्रेमचा आकार, सगळं जुन्या मापाचं. काळ्या दारूचा एक गुण म्हणजे ती जागा खाते. घर भरलं की भरलं, त्यात दुप्पट मावतच नाही. बिनधुराची दारू तळाशी चिमूटभर असते आणि वर रिकामी जागा, म्हणून चुकून दुप्पट पडली तरी कळत नाही. टोपीच्या सिलिंडरमध्ये बिनधुराची दारू कधीही, कितीही थोडी, घालायची नाही. हे मी दर वर्षी कोणाला तरी सांगतो आणि दर वर्षी कोणीतरी 'पण चिमूटभर...' म्हणतोच.

काडतुसांचंही तसंच. .४५ कोल्ट हे १८७३ चं, जन्माने काळ्या दारूचं काडतूस. त्याची अमेरिकेतली ठरलेली कमाल मर्यादा १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. तुलनेला .३५७ मॅग्नम ३५,००० आणि .४४ मॅग्नम ३६,०००. ऐकायला .४५ कोल्ट मवाळ वाटतं. पण त्याच नावाने, त्याच मापाच्या टरफलात, आजच्या दणकट रिव्हॉल्व्हरांसाठी भरलेली जहाल काडतुसंही बाजारात मिळतात. ती तुमच्या सिलिंडरमध्ये अलगद बसतील, अडचण तीच आहे. तुम्ही घ्यायची ती 'काऊबॉय लोड' म्हणून विकली जाणारी, शिशाच्या गोळीची, हळू वेगाची. तांब्याचं आवरण असलेली गोळी नको. सिलिंडर बनवणाऱ्याने वेगाची मर्यादा छापून दिलेली असते, ती वाचा. त्या अर्थाने तुम्ही 'आधुनिक काडतूस' वापरतच नाही. १८७३ चं काडतूस नव्या डब्यातून वापरता, एवढंच.

पितळी फ्रेम असेल तर प्रश्नच मिटला, नाही म्हणजे नाही. दक्षिणेकडच्या राज्यांना युद्धात लोखंड पुरेना, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलसारख्या ठिकाणी पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरं बनली. बनवणारे बहुतेक गुलाम कारागीर होते, आणि १८६४ च्या नोव्हेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने ते गाव जाळलं. आज पितळी नकला स्वस्त मिळतात आणि दिसतातही झकास. पण पितळ मऊ. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असंच एक घेऊन आले. सिलिंडर कुठूनतरी वापरलेला मिळवलेला, 'दोनच डबे झाडले' म्हणाले. फ्रेमच्या मागच्या भिंतीवर सिलिंडरच्या कड्याचा गोल ठसा उमटला होता, नाणं मेणावर दाबावं तसा. सिलिंडर पुढे-मागे हलत होता. इजा कोणाला झाली नव्हती, त्यांच्या नशिबाने. मी ती बंदूक भिंतीवर टांगायला सांगितली.

तुमचं रेमिंग्टन पोलादी आहे याची खात्री चुंबकाने करा. मग नळीवरचे ठसे भिंगाखाली बघा. इटलीतल्या ब्रेशिया प्रांतात या नकला बनवणाऱ्या कंपन्यांची सगळी दुनिया आहे. उबेर्टी गार्डोनेत, पिएट्टा गुस्सागोत, आणि तिथल्या सरकारी चाचणीघरातून प्रत्येक नळी तपासून बाहेर पडते. ताऱ्याखाली 'पीएन' ही अक्षरं दिसतील. ती 'पोल्वेरे नेरा', म्हणजे काळी दारू. इटलीच्या माणसाने तुम्हाला पोलादात कोरून सांगितलंय की हे कशासाठी तपासलं.

आता सिलिंडर. मुख्य दोन धाटणी आहेत. एक होवेलची: सिलिंडरला मागून सुटी टोपण-तबकडी, तिच्यात प्रत्येक घराला स्वतंत्र फायरिंग पिन. भरायला सिलिंडर बंदुकीतून काढायचा, तबकडी उचलायची, काडतुसं टाकायची, परत लावायचं. .४५ ची बुडं इतकी रुंद की रेमिंग्टनच्या घेरात सहा मावत नाहीत, म्हणून त्यांनी घरं किंचित तिरपी पाडली, मागची बुडं एकमेकांपासून दूर सरकतात. टूलरूमच्या माणसाला असं काही बघितलं की जेवण गोड लागतं. दुसरी कर्स्टची: पाच घरं, मागे न फिरणारं कडं, एकच पिन. त्यात झडपेचा प्रकारही आहे, पण त्यासाठी फ्रेम कापावी लागते. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. घरच्या व्हाइसमध्ये धरून करायचं नाही.

उबेर्टीचा सिलिंडर पिएट्टाला लागत नाही. हे सांगायला सोपं, पण सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गिऱ्हाइकासाठी चुकीचा मागवून बसलोय. बाहेरून जुळे भाऊ, आतून काट्याच्या टोकाएवढा फरक, आणि त्या फरकाने घर नळीसमोर नीट येऊन थांबत नाही. गोळी निम्मी नळीच्या कडेला घासून जाते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. योग्य कंपनीचा घेतलात तरी पहिल्यांदा गनस्मिथकडून तपासून घ्या. हातात धरून फिरवल्यावर 'टक' आवाज आला म्हणजे बसला, असं नसतं.

आणि कोणत्याही परिस्थितीत घोड्याखालचं घर रिकामं. सहाचा सिलिंडर असला तरी पाचच भरा. घोडा पिनवर टेकलेला, पिन काडतुसावर टेकलेली, आणि बंदूक टेबलावरून पडली, तर चाप ओढायला कोणी लागत नाही.

खरं सांगू? तुम्हाला काडतूसच झाडायचं असेल, तर उबेर्टी कारखान्यातूनच बनून येणारी रिचर्ड्स-मेसनची नक्कल घ्या. नळी काडतुसाच्या गोळीच्या मापाची, झडप आणि दांडी जागेवर. सिलिंडर बदलण्यात मजा आहे ती एकाच बंदुकीत दोन काळ चाखायची, सकाळी धूर आणि दुपारी पितळ. सोय म्हणून कोणी करत असेल तर ती सोय नाही.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये १८९८ पर्यंतची हत्यारं आणि टोपीच्या नकला 'अँटीक' धरल्या जातात, म्हणून तुमचं रिव्हॉल्व्हर टपालाने घरपोच आलं. सुटा सिलिंडर विकत घ्यायलाही बहुतेक ठिकाणी कागद लागत नाही. पण तो बसवला त्या क्षणी हातात असलेली वस्तू कायद्याने पूर्ण बंदूक होते. मग विकणं, दुसऱ्या राज्यात पाठवणं, गाडीतून नेणं, सगळे नियम लागू. ज्याला बंदूक बाळगायला बंदी आहे त्याच्या हातात तो गुन्हा. टेक्सास सैल आहे, म्हणून न्यू जर्सीच्या मेहुण्याला हौसेने दाखवायला घेऊन जाऊ नका. तिथे टोपीच्या बंदुकीचाही हिशेब वेगळा आहे.

आता साताऱ्याचे काका.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. हत्यार बनवणं, दुरुस्त करणं, एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं, सगळ्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्या-बदलण्याला किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. लेथवाल्या ओळखीच्या माणसाकडून 'जरा आरपार करून घेऊ' म्हणणं म्हणजे काय, हे त्यावरून समजा. 'जुनं आहे, त्याला कसला परवाना' हेही खरं नाही. कलम ४५ मधली सवलत अशाच जुन्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालणार नाही. पणजोबांचा घोडा अजून टकाटक पडत असेल तर ते त्या सवलतीत बसत नाही. काकांकडे परवाना किंवा जुनी नोंद आहे का ते आधी बघा. नसेल तर वस्तू पिशवीत घालून कुठे न्यायच्या आधी वकिलाला विचारा आणि त्याच्यामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात जा.

शिवाय ते शंभर वर्षांवरचं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे 'ह्यूस्टनला आणून इथे करून घेऊ' हा बेत मनात असेल तर तोही सोडा.

तुम्ही त्याचा फोटो पाठवलेला नाही, पण इंग्रजी ठसा असेल आणि घोड्याला मागे खेचायचा कान असेल, शिवाय चापानेही घोडा उठत असेल, तर ते ब्यूमाँट-ॲडम्सच्या जातीचं असू शकतं. १८५७ च्या धामधुमीत अशी रिव्हॉल्व्हरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. अशा वस्तूची किंमत तिच्या न बदललेल्या अवस्थेत असते. गंज दिसतो म्हणून पॉलिश पेपर मारू नका, ठसे पुसले की ओळखच गेली. आधी त्यात भरलेलं काही नाही ना हे जाणकाराकडून बघून घ्या. जुन्या ठासणीच्या हत्यारांत दीडशे वर्षांपूर्वीची दारू आणि गोळी तशीच निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय, आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. तोवर नळीचं तोंड भिंतीकडे, टोपी निपलवर असेल तर तिला बोट लावायचं नाही, आणि घरातल्या पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

ह्यूस्टनच्या बंदुकीचे ठसे आणि सिलिंडरच्या पेटीवरचा कंपनीचा क्रमांक कळवा, तो पिएट्टाला लागतो की उबेर्टीला, एवढं बघून सांगतो.